गोष्ट ठाऊक असेल तरच पत्ता बोलतो : परीकथांचा टॅरो संच आणि फोनमधले ॲप

‘इनर चाइल्ड कार्ड्‌स’ या टॅरो संचातला, म्हणजे प्रश्न विचारून भविष्य पाहण्याच्या चित्रांच्या पत्त्यांच्या संचातला, शून्य क्रमांकाचा पत्ता लाल टोपीवाल्या मुलीचा आहे. रूढ टॅरोमध्ये या जागी इंग्रजी ‘फूल’, म्हणजे मूर्ख, असतो : आभाळाकडे पाहत कड्याच्या अगदी टोकाशी येऊन ठेपलेला बेफिकीर तरुण, आणि त्याच्या पायाशी उड्या मारणारे लहानसे पांढरे कुत्रे. त्या तरुणाच्या जागी आजीकडे जाण्यासाठी जंगलात शिरलेली मुलगी आणून बसवण्याची कल्पना इतकी नेमकी आहे, की या एका पत्त्यावर भुलूनच मी हा संच घेतला. गेले वर्षभर हा संच आणि त्याच्या जोडीला परीकथांवरच बेतलेल्या दुसऱ्या एका टॅरो संचाचे फोनमधले ॲप, अशी दोन्ही साधने मी वापरत आहे. पत्त्यांवरून भविष्य कळते यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी मुलांसाठी कथाकथनाचे वर्ग घेते आणि माझा सगळा ओढा गोष्टीकडे आहे. तरीही ज्यांना प्रश्न विचारण्यासाठीच असा संच हवा आहे, त्यांनाही हे परीक्षण उपयोगी पडावे, कारण या प्रकारच्या पत्त्यांचे बरे-वाईट शेवटी एकाच गोष्टीवर ठरते : चित्रामागची कथा वापरणाऱ्याला किती ठाऊक आहे.

ईशा लर्नर आणि मार्क लर्नर यांनी रचलेला आणि ख्रिस्तोफर गिलफॉइल यांनी चितारलेला हा संच 1992 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पत्ते 78 आहेत. त्यांतल्या 22 मेजर अर्कानांपैकी, म्हणजे शून्यापासून क्रमांक दिलेल्या मुख्य पत्त्यांपैकी, बहुतेकांना एकेक परीकथा किंवा बालसाहित्यातले एखादे पात्र दिलेले आहे, आणि उरलेल्या 56 पत्त्यांचे चार गट जादूच्या छड्या, सत्याच्या तलवारी, पंखांची हृदये आणि पृथ्वीचे स्फटिक असे आहेत. राजा, राणी, सरदार आणि सेवक यांची गच्छंती करून त्यांच्या जागी पालक, मार्गदर्शक, शोधक आणि मूल अशी चार माणसे बसवली आहेत. दरबार बरखास्त करण्याचा हा निर्णय मला आवडला, कारण आपल्या रोजच्या अडचणींत सरदार क्वचितच येतात. संचाबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळते आणि ते इंग्रजीत आहे. पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे ते पिसणे हे लहान हातांचे काम नव्हे.

संचाची खरी परीक्षा कथा आणि पत्ता यांची सांगड कशी घातली आहे यावर व्हायला हवी. काही जोड्या अस्सल आहेत. ‘स्ट्रेंग्थ’ या पत्त्यावर एरवी एक स्त्री सिंहाचा जबडा हळुवार हातांनी मिटत असते, आणि इथे तिच्या जागी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आहे. मादाम द व्हिलनव्ह यांनी 1740 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेल्या या कथेतले सामर्थ्य तसेच आहे : पशूला मारायचे नसते, त्याच्याशी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोलायचे असते. ‘एम्परर’ या सत्तेच्या आणि शिस्तीच्या पत्त्यावर डॅनिश लेखक अँडरसनचा 1837 मधला नवे कपडे घातलेला, म्हणजे काहीही न घातलेला, बादशहा उभा करण्यात तर खट्याळपणा आहे. कार्यालयातल्या वरिष्ठांविषयी प्रश्न विचारणाऱ्याने हा पत्ता उचलला, तर अर्थ सांगण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही.

काही जोड्या मात्र पुरेसा विचार न करता जुळवल्यासारख्या वाटतात. ‘हँग्ड मॅन’ हा थांबण्याचा, वाट पाहण्याचा, उलटे लटकून जगाकडे पाहण्याचा पत्ता आहे, आणि त्याला दिली आहे वेलीवर चढून राक्षसाच्या घरात तीनदा चोरी करणाऱ्या जॅकची कथा. सबंध परीकथांच्या दुनियेत जॅकइतका न थांबणारा मुलगा दुसरा सापडणार नाही. ‘हर्मिट’च्या एकांतवासी म्हाताऱ्याच्या जागी हिमगौरी आली आहे, हेही प्रथमदर्शनी विचित्र वाटते, कारण सात बुटक्यांच्या घरात एकांत कुठला? परंतु ग्रिम बंधूंची कथा आठवली की गाठ सुटते. बुटके दिवसभर खाणीत असतात, हिमगौरी घरात एकटी असते आणि राणी नेमकी त्याच वेळी वेष पालटून येते, आधी नाडी, मग फणी आणि शेवटी सफरचंद घेऊन. दार उघडू नये हे ठाऊक असूनही ती तिन्ही वेळा फसते, आणि एकटेपणाविषयी यापेक्षा खरे काही मला कुठल्याही ‘हर्मिट’मध्ये दिसलेले नाही.

सर्वांत अधिक वेळ मी ‘टॉवर’ या पत्त्यावर घालवला आहे. 1909 मध्ये लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या आणि आज जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या चित्रात या पत्त्यावर वीज कोसळून मनोऱ्याचा मुकुट उडालेला असतो आणि दोन माणसे खाली कोसळत असतात. या संचात तिथे रॅपन्झेल आहे, चेटकिणीने मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची मुलगी. मनोऱ्यात मनोरा मिळाला, एवढ्यावरच ही निवड झाली असावी असे मला आधी वाटले होते, कारण रॅपन्झेलचा मनोरा मुळी पडतच नाही. मग ग्रिमची कथा पुन्हा वाचली. केस कापले गेले आहेत, मुलगी रानात हाकलली गेली आहे, आणि वर चढून आलेल्या राजपुत्रापुढे चेटकीण उभी आहे. तेव्हा तो दुःखाने वेडापिसा होऊन मनोऱ्यावरून उडी टाकतो, खाली काट्यांत पडतो आणि दोन्ही डोळे गमावतो. कोसळणे कथेत आहे, फक्त मनोऱ्याचे नाही. पुढे वर्षानुवर्षे आंधळा भटकल्यावर रॅपन्झेलच्या अश्रूंनी त्याला दृष्टी मिळते, म्हणजे पत्त्याचा रूढ अर्थ, उद्ध्वस्त होणे आणि त्यानंतर काहीतरी स्पष्ट दिसणे, तोही कथेत पुरेपूर आहे. ज्याला रॅपन्झेल केवळ चित्रपटातून किंवा लांब केसांमुळे ठाऊक आहे, त्याला या पत्त्यात बंदिवासापलीकडे काही दिसणार नाही.

संचातला आणखी एक धागा असा आहे, की तो रचणाऱ्यांनी मुद्दाम ओवला की आपोआप ओवला गेला, हे मला ठरवता आलेले नाही. शून्य क्रमांकावर लाल टोपीवाली आहे, पंधराव्या ‘डेव्हिल’च्या जागी दुष्ट लांडगा स्वतःच आहे आणि विसाव्या ‘जजमेंट’वर तीन डुकरांची पिल्ले आहेत. म्हणजे मेजर अर्कानांच्या प्रवासात लांडग्याची तीनदा गाठ पडते : एकदा तो ओळखू येत नाही, एकदा तो समोरासमोर उभा ठाकतो आणि एकदा विटांच्या घरापुढे त्याचा श्वास संपतो. हे तीन पत्ते वेगळे काढून मुलांपुढे ठेवले आणि मधली गोष्ट तुम्ही सांगा म्हटले, तर अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. लाल टोपीवालीचा शेवट कोणता धरायचा हाही प्रश्न तिथे येतोच, कारण 1697 मध्ये फ्रेंच लेखक पेरॉने लिहिलेल्या कथेत मुलगी लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट संपते, तर 1812 मध्ये ग्रिम बंधूंनी छापलेल्या कथेत शिकारी येऊन पोट फाडतो. एकच पत्ता एका शेवटाने इशारा होतो आणि दुसऱ्याने दिलासा. वर्गातल्या एका मुलीने तिसराच शेवट सुचवला. तिच्या मते लाल टोपीवालीने आजीला भोपळ्यात बसवून आपल्याच घरी आणायला हवे होते. आपली भोपळ्यातली म्हातारी वाटेतल्या वाघाला आज्ञाधारकपणाने टाळत नाही, परतताना लठ्ठ होऊन येईन, मग खा, असा सौदा करून टाळते, हे त्या मुलीला पक्के ठाऊक होते आणि संचाच्या पुस्तकाला अर्थातच नव्हते.

आता ॲपकडे येते. त्याचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या या धाटणीच्या इतर ॲपमध्येही थोड्याफार फरकाने आढळतात. त्यात 78 पत्त्यांची चित्रे आहेत, पत्ते मांडण्याच्या काही ठरीव पद्धती आहेत, उलटे, म्हणजे डोके खाली करून येणारे, पत्ते हवेत की नकोत हे ठरवण्याची सोय आहे, नोंदवही आहे आणि रोज सकाळी ‘आजचा पत्ता’ घेऊन येणारी सूचना आहे. चित्र बोटांनी मोठे करून पाहता येते आणि कागदी पत्त्यावर चष्मा लावूनही निसटणारे कोपरे दिसतात. या एका सोयीसाठी मी ॲपचे मनापासून आभार मानते.

पिसण्याच्या बाबतीतही ॲप हातांपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागेल. 52 पत्त्यांचा संच दोन भाग करून एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने नीट पिसायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, असे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवले. 78 मोठे, जाड पत्ते त्या पद्धतीने पिसताच येत नाहीत, आपण ते नुसते वरखाली सरकवतो, आणि त्यामुळे कालचे शेजारी आजही शेजारीच राहतात. ‘हे दोन पत्ते माझ्यामागे लागले आहेत’ असे जे टॅरो पाहणारे सांगतात, त्याचे निम्मे रहस्य इथे असावे. ॲपमध्ये यादृच्छिक आकडे काढणारी आज्ञावली असते आणि ती शेजारधर्म पाळत नाही. तीन पत्ते क्रमाने काढण्याचे 78 गुणिले 77 गुणिले 76, म्हणजे 4,56,456 प्रकार होतात आणि ॲपला ते सगळे सारखेच. तरीही रोज एक पत्ता उचलून परत मिसळत गेलात, तर 11 दिवसांत कुठला तरी पत्ता दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिकच असते. माझ्याकडे नवव्या दिवशी सिंड्रेला परत आली तेव्हा सूचनेतला मजकूर तिच्या ‘पुनरागमनाचा संदेश’ लक्षपूर्वक ऐकायला सांगत होता. संदेश गणिताचा होता.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. ॲपमध्ये पत्त्यावर बोट ठेवले की गोष्ट उलगडत नाही, थेट अर्थ उलगडतो : पाच-सहा शब्द आणि एक गुळगुळीत परिच्छेद, सगळे इंग्रजीत. झोपी गेलेली राजकन्या ‘डेथ’च्या जागी का आहे, शंभर वर्षे, काटेरी कुंपण आणि त्यात अडकून मेलेले आधीचे राजपुत्र यांचा त्या अर्थाशी काय संबंध, याचा उल्लेखही नाही. ‘बदलाला सामोरे जा’ असा उपदेश तेवढा आहे, आणि तो कुठल्याही पत्त्याखाली शोभला असता. परीकथांचा संच घ्यायचा आणि त्यातून कथाच वजा करायच्या, हा उलटा व्यवहार झाला.

दुसरे असे, की ॲप प्रश्न मागत नाही. कोकणात किंवा गोव्यात देवळात कौल लावताना गुरव आधी गाऱ्हाणे घालतो, काय विचारायचे आहे ते माणसाला चारचौघांत शब्दांत मांडावे लागते, आणि बरेचदा ते मांडताना प्रश्न निम्मा सुटलेला असतो. कागदी पत्ते पिसतानाही हात गुंतलेले असतात तोवर मन प्रश्न घासूनपुसून घेते. फोनवर एका स्पर्शात पत्ता येतो आणि मनासारखा नसेल तर दुसऱ्या स्पर्शात दुसरा येतो. एका रात्री मी स्वतः ओळीने सहा पत्ते बदलले, आणि सातवा ‘विशिंग अपॉन अ स्टार’सारखा गोड आल्यावर फोन खाली ठेवला. भविष्यावर विश्वास नसलेल्या बाईची ही कथा, तर विश्वास असलेल्यांनी सांभाळूनच राहावे.

नोंदवहीविषयी एक व्यवहाराची सूचना. माझ्या चार महिन्यांच्या नोंदी फोन बदलताना गेल्या, कारण त्या फक्त फोनमध्ये होत्या आणि दुसरीकडे नेण्याची सोय आहे की नाही हे मी आधी पाहिले नव्हते. ज्या ॲपमध्ये नोंदी विक्रेत्याच्या संगणकावर जातात, तिथे उलटी काळजी घ्यावी लागते. लग्न, आजार, पैसे यांविषयीचे प्रश्न माणूस पत्त्यांना ज्या मोकळेपणाने विचारतो, त्या मोकळेपणाने ते अनोळखी कंपनीकडे साठवू नयेत. साधी वही पुरते, आणि मी आता तीच वापरते.

ज्यांना ग्रिम, पेरॉ आणि अँडरसन यांच्या कथा लहानपणी भेटल्या आहेत आणि त्यांच्याकडे पुन्हा जाण्याचे निमित्त हवे आहे, त्यांनी कागदी संच जरूर घ्यावा. संच आयात केलेला असल्यामुळे किंमत विक्रेत्यागणिक बदलते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी पाहून घ्यावा आणि पुस्तकासह येणाराच निवडावा. शुद्ध लोककथांचा संच अशी अपेक्षा ठेवू नये, कारण 1865 मधली ॲलिस, रंगभूमीवर 1904 मध्ये अवतरलेला पीटर पॅन आणि ग्रीक पुराणातला मायडास हे सगळे इथे एकाच पंगतीला बसले आहेत. टॅरो मुळातून शिकणाऱ्याने आधी पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा 1909 चा संच हाताळावा, नाहीतर ‘टॉवर’ म्हणजे लांब केस असा घोळ व्हायचा. ॲप घेणाऱ्यांनी विनामूल्य आवृत्ती आठवडाभर वापरून पाहावी, सकाळची सूचना पहिल्याच दिवशी बंद करावी आणि पैसे भरण्यापूर्वी एकच पत्ता उघडून त्याखाली गोष्ट दिली आहे का ते पाहावे. माझ्या फोनमध्ये ॲप अजून आहे, पण मी ते आता चित्रांचे कोपरे न्याहाळण्यापुरतेच उघडते.