मातीतली आरएक्स १०० आणि स्लोचा त्रास: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

माझी आरएक्स १००, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाइक, मातीच्या रस्त्यांसाठी तयार केलेली आहे. नॉबी टायर, रुंद हँडल, उंच मडगार्ड. इंजिन मात्र मूळचं आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटरही मूळचाच, मिकुनी व्हीएम २०. पावसाळ्याच्या तोंडावर तिला स्लोच राहिना, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन संथ, एकसारखं चालेना. थंड असताना बंद पडायची, तापली की आपोआप रेस धरायची. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, ‘कार्ब्युरेटर बदल.’ मी बदलला नाही, आणि आज ठामपणे सांगतो की ती गरज क्वचितच पडते.

आधी गाडी काय सांगते ते ऐकावं. रेस देऊन सोडल्यावर आवाज सावकाश खाली येत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, कुठून तरी ती जादा शिरतेय. झटकन खाली जाऊन, अडखळत पुन्हा सावरत असेल तर पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा चोकचा प्लंजर नीट बसतो का आणि फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी नीडल गळते का ते बघा. हँडल वळवल्यावर रेस वाढली तर थ्रॉटलची केबल ताणली आहे, बाकी काही उघडूच नका.

माझ्या गाडीचं लक्षण पहिलं होतं. १९९६ साली ही गाडी बनायची थांबली, म्हणजे मूळचं रबर असेल तर ते तीसेक वर्षांचं. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं रबर वरून ठणठणीत दिसत होतं. काढून दुमडल्यावर खालच्या बाजूला केसासारख्या भेगा उघडल्या. ते बदलून अर्धा फरक पडला. मग पुलर लावून मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) काढला, तर मागची प्लेट काळ्या चिकट ऑइलने माखलेली. क्रँकचं त्या बाजूचं सील गेलं होतं आणि तिथून हवा आत शिरत होती. ते नवीन बसलं आणि तापल्यावर रेस धरणं थांबलं. अशी गाडी तशीच पळवू नये, टू-स्ट्रोकचा पिस्टन पातळ मिश्रणावर तापून सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

सेटिंग त्यानंतर. पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या जेटमध्ये, सुई घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया. क्लीनर मारून हवेने फुंका. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. इंजिन गरम करून तिथून पाव-पाव फेरा हलवत सगळ्यात चढा आणि सलग आवाज शोधा, मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणा. एअर स्क्रूने हवा मोजली जाते, म्हणून तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट जेट लहान लागेल, एका फेऱ्याच्या आत राहिला तर मोठा. केबलला हात लावला असेल तर इंजिनला टू-स्ट्रोक ऑइल देणाऱ्या पंपाची खूणही जुळवा. थ्रॉटलच्या एकाच केबलला कार्ब्युरेटर आणि पंप अशा दोन फांद्या असतात, आणि हे बरेच जण विसरतात.

इतक्या महिन्यांनी? सकाळी दोन-तीन किकमध्ये सुरू होते, चिखलात क्लच दाबून उभी राहिली तरी बंद पडत नाही. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की लगेच उचलते, आणि माझ्यासाठी खरी कमाई हीच. पावसाळ्यात मात्र फ्लोटच्या वाटीत पाण्याचे थेंब सापडले. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, म्हणून गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवतो. फोमचा एअर फिल्टर धुवून, ऑइल लावून, पिळून बसवणं प्रत्येक धुळीच्या राइडनंतर आलंच. तो मळला की स्लो पुन्हा जड होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ, तिथे एअर स्क्रू थोडा बाहेर घ्यावा लागतो.

क्रँकचं क्लचच्या बाजूचं सील अजून जुनंच आहे. ते गेलं तर गिअर ऑइल कमी होऊन पांढरा धूर येईल, म्हणून लेव्हल तपासत असतो. ते काम इंजिन उघडायचं होईल तेव्हाच करून घेणार आहे.