बोनान्झा: स्वस्त डिस्क की अधिकृत संच?

सुरुवातीच्या काही भागांचा कॉपीराइट संपल्याने 'बोनान्झा' या अमेरिकन काउबॉय टीव्ही मालिकेच्या (१९५९–१९७३) स्वस्त डीव्हीडी अनेकांनी काढल्या. मोजकेच भाग, तेही मागचेपुढचे, आणि चित्र बऱ्याचदा विटलेलं. पण खरी खंत वेगळीच. सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात नकाशा मधोमध पेट घेतो, जळत्या भोकातून मालिकेचे नायक कार्टराइट बापलेक घोडे दौडवत येतात, आणि मागे भलतंच संगीत! मूळ धूनचे हक्क शाबूत असल्याने ती काढून टाकलेली. त्या गिटारीशिवाय घोडे धावतात, पण अंगावर काटा येत नाही.

अधिकृत संचात ती धून आहे, भाग क्रमाने आहेत. ही मालिका पहिल्यापासून रंगीत. मालिकेतल्या टाहो सरोवराचं निळं पाणी इथेच नीट दिसतं. महाग आहे, तरी मी हाच घेईन, एकेक सीझन करत. नुसती चव बघायची असेल तर स्वस्त डिस्क चालेल.