उद्यमनगरात शमलेली पद्मिनीची थरथर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये वडिलांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी मी दोन आठवडे ठेवली होती. तिथल्या कामाची पद्धत जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

त्रास दुहेरी होता. गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि आरसा थरथरत, तर ताशी साठच्या पुढे सीटखालून वेगळीच घरघर येई. आधीच्या एका गॅरेजने प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे फिरणारा लांब दांडा, उतरवून पुन्हा चढवला होता आणि इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशन रबर नवे, कडक बसवले होते. त्यानंतर हे सगळे वाढले.

इथल्या मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी गाडी कागलच्या दिशेने हायवेवर काढली. साठच्या वेगाला त्यांनी गिअर न्यूट्रल केला, इंजिन आयडलिंगवर आले, तरीही घरघर तशीच राहिली. म्हणजे तिचे मूळ इंजिनात नव्हते. परतल्यावर मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर घेऊन आणि चाके काढून गाडी त्याच वेगाला फिरवली, तेव्हाही घरघर कायम असल्याने संशय शाफ्टवर आला. शाफ्टवर खडूची रेघ ओढून त्यांनी मला खाली वाकायला सांगितले. "साहेब, हे बघा, एक दात सरकलाय." शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो आणि दुसरा क्रॉस तो फरक भरून काढतो, पण त्यासाठी क्रॉस धरणारे दोन्ही योक एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टचे भाग एकमेकांत बसवणाऱ्या दातेरी जोडाचा, तो एक दात जुळवला, शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर तपासून घेतला, आणि घरघर गेली.

रबराचे काम अधिक चिकाटीचे होते. चार सिलिंडरच्या या इंजिनाचे ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात. रबरावर टेकलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या याच्या बरीच खाली असेल, तरच ठोके बॉडीपर्यंत पोहोचत नाहीत. रबर कडक केले की ती वर सरकते आणि थरथर थेट आरशापर्यंत येते. मिस्त्रींनी तीन वेगवेगळ्या नरमाईचे रबर आलटून पालटून बसवले, दर वेळी दुसरे काहीही न बदलता, आणि प्रत्येक वेळी डॅशबोर्डवर पाण्याने भरलेली तीच स्टीलची वाटी ठेवली. कडक रबरावर वाटीभर बारीक लाटा उठत. मधल्या रबरावर फक्त काठाशी एक वलय राहिले. सर्वांत नरम रबरावर पाणी त्याहून शांत होते, पण क्लच सोडताना इंजिन झुकत होते, म्हणून मधलेच ठेवले. हा निर्णय मला पूर्ण पटला.

वेळ जास्त लागतो, हे मान्य करावे लागेल, आणि केलेल्या चाचण्यांची लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही. स्टिअरिंगजवळच्या गिअर लिव्हरची खडखड अजून बाकी आहे. लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या लिंकेजचे झिजलेले बुश लेथवर नवे करून घ्यायला पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा तिथेच नेणार आहे.