बीटचा रस आणि बीपी : काही महिन्यांनंतर

मला बीपीचा त्रास नाही, गोळी नाही. वरचा आकडा एरवी ११८ ते १२४ च्या मध्ये असतो. ऑफिसातल्या पळणाऱ्या मंडळींनी बीटच्या रसाचं एवढं कौतुक केलं की धडधाकट माणसाच्या बीपीवरही त्याचा काही परिणाम होतो का, हे घरच्या मशीनवर बघायचं ठरवलं.

होतो, पण काही तासांपुरता. रस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी वरचा आकडा चार-पाचने उतरलेला दिसायचा, कधी तेवढाही नाही. खालच्या आकड्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मोजलं की सगळं जिथल्या तिथे. २००८ साली लंडनमध्ये निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगात वरचा आकडा साधारण १० ने उतरला होता, ही बातमी सगळे फिरवतात. त्या लोकांना एका बैठकीत अर्धा लिटर रस पाजला होता, हे कोणी सांगत नाही. माझी मजल एका पेल्यापर्यंत, तोही आलं-लिंबू घालून. नाहीतर मातीच पितोय असं वाटतं.

मला सगळ्यात मजेशीर वाटला तो यातला थुंकीचा भाग. रसातलं नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं आणि त्यातलं साधारण पाव हिस्सा लाळेतून परत तोंडात येतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनच्या त्याच प्रयोगात काहींना लाळ गिळू न देता थुंकायला लावलं, तर बीपी उतरलंच नाही! म्हणून जंतुनाशक माउथवॉशने रोज खळखळून चूळ भरत असाल, तर रसावर पैसे घालवण्याआधी विचार करा. मी माउथवॉश सोडला. दात घासणं, जीभ साफ करणं चालू आहे.

रसच हवा असंही नाही. पालक, माठ, मुळा यांतही नायट्रेट भरपूर असतं. फक्त भाजी उकडून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं. बीटची तयार पावडरही आणून पाहिली. महाग, आणि डब्यावर नायट्रेट किती ते लिहिलेलंच नाही. परत आणणार नाही.

लघवी लालसर दिसली तर घाबरू नका, काहींना बीटने तसं होतं. मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र जपून, कारण बीट आणि पालक दोन्हींत ऑक्झलेट असतं, बरेचसे खडे त्याचेच बनतात. आमच्याकडे ह्यांना खड्याचा त्रास झालेला, त्यामुळे त्यांच्या वाट्याला रस नाही. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, आणि रसाच्या भरवशावर गोळी तर अजिबात सोडू नये.

स्वतः मोजून बघायचं असेल तर पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या उंचीला ठेवा, दोनदा मोजा. जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा बीटने उतरला की दम ओसरल्याने, ते कळणार नाही.

रोजचा रस मी आता थांबवलाय. मिक्सर, गाळणं आणि ओटा धुण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मुळ्याची कोशिंबीर होते. ती घरात सगळे खातात.