29 मिनिटं 59 सेकंद: सेकंडहँड कॅमेरा, अकरा महिन्यांनंतर

कॅमेऱ्याचं नाव घेत नाही, वाद नको. 24 मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, सोबत किट लेन्स. लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा एक जण 34 हजार म्हणत होता, 32 ला आणला. बाकी स्पेसिफिकेशन उगाळत बसत नाही. मला फोटो काढायचेच नव्हते. सदाशिव पेठेत मावशीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते, वीस-पंचवीस माणसं येतात, ती नीट रेकॉर्ड व्हावी एवढंच.

चित्र उत्तम. पहिल्या वेळी मात्र पांढऱ्या भिंतीवरून काळपट पट्टे सरकत होते. हॉलमध्ये जुनी चोकवाली ट्यूब आहे. आपली वीज 50 हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि आधीच्या मालकाने कॅमेरा एनटीएससीवर, म्हणजे 60 हर्ट्झ विजेच्या देशांतल्या व्हिडिओ पद्धतीवर, आणि शटर सेकंदाच्या 1/60 वर ठेवलेला. आपल्याकडची पाल पद्धत, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 केलं, पट्टे गेले. फुकटात काम झालं म्हणून मी खूश.

मग मार्चची बैठक. मावशीने राग बागेश्री घेतला. विलंबित, म्हणजे संथ एकताल, बारा मात्रांच्या एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट. मी डोळे मिटून ऐकत बसलो, तिथेच चुकलो. घरी येऊन पाहतो तर फाइल 29 मिनिटं 59 सेकंदांवर संपलेली. आणि कुठे? दहाव्या मात्रेवर. तबल्याचे बोल धागे, तिरकिट, बस्स. पुढे बंदिशीचा मुखडा उचलायचा होता, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं होतं, माना डोलायच्या होत्या. त्यातलं काही नाही. ते तिरकिट आठ दिवस माझ्या डोक्यात वाजत होतं.

आधी वाटलं कॅमेरा तापला. पुढच्या रियाजाला टेबलफॅन लावून बसलो, तरी तेच. कार्ड भरलं म्हणावं तर 50 मेगाबिटने अर्ध्या तासाला 11 जीबी लागतात, माझं कार्ड 64 चं. शेवटी कळलं की हे जकातीचं प्रकरण आहे. युरोपीय संघाच्या नियमात सलग 30 मिनिटं चित्रण करू शकणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि त्यावर जादा आयातकर बसायचा. कंपन्यांनी मग एक सेकंद आधीच थांबायचं ठरवलं आणि तेच मॉडेल जगभर विकलं. कर वाचला युरोपात, एकताल तुटला सदाशिव पेठेत! पुढे तो कर गेला, बरेचसे नवे कॅमेरे न थांबता चालतात. पण माझे 32 हजार आधीच गेले होते.

मावशीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. “अरे, 1902 साली गौहर जान तबकडीवर गायली तेव्हा तीन मिनिटांत राग आटपावा लागायचा. तुझ्या डब्याने अर्धा तास दिला की!” बरोबर आहे तिचं, पण गौहर जानने तबकडीचं यंत्र स्वतःच्या खिशातून घेतलं नव्हतं.

इथवर एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. आता मत बदललंय. टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय वायरीतून चित्र थेट लॅपटॉपवर घेतलं की कॅमेरा स्वतः रेकॉर्ड करतच नाही, त्यामुळे तो थांबतही नाही. ते चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड 1,900 ला मिळालं. ऑटो पॉवर ऑफ बंद करायला विसरू नका.

फक्त ते मायक्रो एचडीएमआयचं भोक म्हणजे मुंगीचं तोंड. जुलैत कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि पोर्ट सैल झाला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सुटा पोर्ट मिळत नाही, मेनबोर्डच बदला, 14,500. नको म्हटलं तर तपासणीचे 590 मागितले. काय तपासलंत ते लिहून द्या म्हटलं, अर्धा तास हुज्जत घातली, पैसे देऊनच सुटलो. तिथून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. भिंगाखाली बघून तो म्हणाला, “साहेब, दोनच पिना सुटल्यात.” 850 रुपये, तासाभरात हातात. आता वायर ट्रायपॉडला पायजम्याच्या नाडीने बांधतो.

परवाच्या बैठकीत 52 मिनिटांचा राग दरबारी सलग मिळाला, शेवटच्या जलद लयीतल्या द्रुतासकट. गाण्याआधी मावशीने विचारलं होतं, “आज किती वेळ गायची परवानगी आहे?”

पाचपैकी साडेतीन तारे. बॅटरी दोन तास पुरत नाही. बॅटरीच्या जागी बसून थेट प्लगवर चालणारी वायरवाली डमी बॅटरी 1,100 ला मिळते, ती पहिल्या दिवशीच घ्या.