पैसे लान हाचे, फेरी हा लाँगची

व्हिएतनामला जाणारी मराठी मंडळी हल्ली घरटी एक तरी सापडते, आणि हनोईत उतरलं की सगळ्यांना हा लाँग बे हवीच असते. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चुनखडीच्या बेटांचा हा पसारा दोन हद्दींत विभागलेला आहे, हे हनोईच्या जुन्या पेठेतले टूरवाले आपणहून सांगत नाहीत. हा लाँग बे क्वांग निन्ह प्रांतात येते. तिला दक्षिणेकडून चिकटलेली, कॅट बा बेटाच्या कडेची लान हा बे हाय फाँगच्या हद्दीत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत २०२३ पासून हा लाँग आणि कॅट बा एकत्र आहेत. सुळके तसेच, पाणी तसंच, फोटोवरून सांगता येणार नाही. पण प्रशासन वेगळं, मार्ग वेगळे, आणि लान हाकडे गर्दी बरीच कमी. आम्हाला फसवलं ते या सारखेपणाचा फायदा घेऊन.

दुकानात ठरलं ते असं: जास्तीत जास्त बारा माणसांची होडी, लान हा बे, काई बेओचं तरंगतं गाव, कायाक म्हणजे स्वतः वल्हवायची छोटी होडी, मावशीसाठी शाकाहारी जेवण आणि संध्याकाळी कॅट बाला उतरवणं. थोडे पैसे कार्डावर घेतले, उरलेले रोख, तेही आधीच. पावतीवर होतं फक्त ‘हा लाँग–लान हा, छोटा गट, जेवणासह’. होडीचं नाव नाही, धक्क्याचं नाव नाही.

कॅट बाला जायचं तर हाय फाँगजवळ समुद्रावरच्या लांब पुलाकडे वळावं लागतं. आमची बस सरळ बाख दांग पूल ओलांडून हा लाँगकडे निघाली. मोबाइलवरचा नकाशा गाइडसमोर धरला, तर म्हणतो, ‘‘हवामान खराब आहे, लान हा आज बंद.’’ ही थाप फार हुशारीची. वारा असला की बंदर खरंच होड्या थांबवतं, आणि जुलै २०२५ मध्ये हा लाँगमध्ये पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेल्यापासून हवामानाचं नाव काढलं की कोण हुज्जत घालणार? बायकोने कॅट बाच्या आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंना मेसेज टाकला. तिथल्या बेओ धक्क्यावरून सकाळपासून होड्या सुटताहेत, असं त्यांचं उत्तर आलं, सोबत फोटो. गाइडने फोटो पाहिला आणि माइक हातात घेऊन जेवणाची वेळ सांगायला लागला.

हा लाँगच्या तुआन चाउ बंदरात पुढ्यात आली ती चाळीसेक माणसांची दुमजली बोट. सुंग सॉट गुहेत रांगेतून चाललो. टिटॉप नावाच्या बेटाच्या पायऱ्यांवरही तीच गत. कायाकचे माणशी दोन लाख डाँग वेगळे मागितले, म्हणजे साधारण सातशे रुपये. मावशीच्या ताटात भात आणि उकडलेला कोबी.

तरंगतं गाव म्हणून दाखवलं ते मोत्यांचं दुकान होतं, पिंपांवर तरंगणारं. हा लाँगमधल्या तरंगत्या वस्त्यांतली मच्छीमार कुटुंबं सरकारने २०१४ मध्ये किनाऱ्यावर हलवली. कुआ वान, वुंग वियेंग इथली घरं आता मुख्यतः पर्यटकांसाठी राखलेली आहेत, आणि वल्ही मारून फिरवणाऱ्या बायका त्या कामासाठी तिथे येतात. त्यात वाईट काही नाही, मेहनतीचं काम आहे. पण ‘हा लाँगच्या कोळ्याच्या घरी जेवण’ असं कोणी विकत असेल, तर तिथेच थांबा.

संध्याकाळी आम्हाला तुआन चाउलाच सोडलं. कॅट बाची शेवटची फेरीबोट केव्हाच निघून गेली होती. तिथल्या खोलीचे पैसे बुडालेच, वर इकडे दुसरी खोली घ्यावी लागली.

परत आल्यावर बँकेकडे तक्रार केली. पावती, बसमधल्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि मालकीणबाईंचा तो मेसेज जोडला. कार्डावरची रक्कम परत मिळाली. रोख गेली ती गेलीच.

लान हाच बघायची असेल तर आधी कॅट बाला मुक्कामाला जा आणि होडी तिथे ठरवा. दिवसभराच्या छोट्या होड्या बेओ धक्क्यावरून सुटतात आणि काई बेओ तिथून जवळच आहे. हनोईतूनच घ्यायची वेळ आली, तर पावतीवर उपसागराचं, धक्क्याचं आणि होडीचं नाव लिहून घ्या, बाकीचे पैसे होडीत चढल्यावर देईन म्हणा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.