बदाम सात, गुलामचोर आणि हिब्रू क्रियापदं: आठ महिने वर्गात खेळून पाहिल्यावर

ठाण्यात दर रविवारी मी नऊ जणांना हिब्रू शिकवते. सगळे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. काहींना इस्रायलला जायचंय, काहींना आपण प्रार्थनेत म्हणतो काय ते समजून घ्यायचंय. अक्षरं सगळ्यांना वाचता येतात, अडतं ते व्याकरणाशी. म्हणून पत्त्यांच्या जुन्या कॅटवर कागद चिकटवून घरोघरचे खेळच वर्गात आणले. नवा खेळ मुद्दाम टाळला. नियम समजावण्यात अर्धा तास गेला की क्रियापदाला डोकं उरत नाही.

बदाम सात सगळ्यांत चपखल बसला. चार रंग म्हणजे चार धातू: लिहिणे, शिकणे, राखणे, संपवणे. बदाम सत्तीच्या जागी 'हू कातव', म्हणजे त्याने लिहिलं, कारण हिब्रू शब्दकोशात क्रियापद याच रूपात सापडतं. तिथून एका बाजूला एकवचन लावत जायचं: ही (ती), अता (तू, पुरुषाला), अत् (तू, स्त्रीला), अनी (मी). दुसऱ्या बाजूला अनेकवचन: हेम (ते), अतेम (तुम्ही), अनाख्नू (आम्ही). स्त्रियांसाठीचं 'अतेन' मी ठेवलं नाही, रोजच्या बोलण्यात 'अतेम'वर भागतं. रंगाला 8 पानं, एकूण 32, चौघांत बरोबर वाटली जातात. पान टाकताना पूर्ण वाक्य बोलायचं, चुकलं तर पान परत हातात. खरी गंमत अडवण्यात आहे. कुणी 'ही कात्वा' (तिने लिहिलं) दाबून ठेवलं की बाकीचे 'अता' आणि 'अत्' हातात धरून वाट बघतात, आणि आपली पाळी नसतानाही प्रत्येकाच्या मनात रूपं फिरत राहतात. पाठांतरात हे कधीच होत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात सत्तरीच्या एक काकी 'अता शमर्ता' (तू राखलंस) ठेवता ठेवता थांबल्या. "अगं, वअहाव्तामधला 'ता' तो हाच का?" वअहाव्ता हा शमा या प्रार्थनेतला शब्द, आणि शमा त्या लहानपणापासून तोंडपाठ म्हणतात. मी हो म्हटलं. खेळ तिथेच थांबला. सगळ्यांनी प्रार्थनेची पुस्तकं काढली आणि बोट ठेवत 'ता' शोधायला लागले. वअहाव्ता, वदिबर्ता, आणि मग ऊख्तव्ताम, आमच्याच बदामाचा धातू! काकी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

गुलामचोर एकवचन-अनेकवचनासाठी. पुल्लिंगाला 'ईम', स्त्रीलिंगाला 'ओत' हे सगळे पाठ करतात आणि मग शुल्खान, म्हणजे टेबल, पुल्लिंगी असून 'शुल्खानोत' होतं. शाना, म्हणजे वर्ष, स्त्रीलिंगी असून 'शानीम'. म्हणून जोडी टाकताना विशेषण जोडायचं: शुल्खानोत गदोलीम, मोठी टेबलं. खरं लिंग विशेषणच सांगतं. बिनजोडीचा गुलाम म्हणून 'मायिम' ठेवलं, पाणी. त्याला एकवचनच नाही.

वर्तमानकाळासाठी खेळ लागलाच नाही. पुरुष म्हणतो अनी कोतेव, बाई म्हणते अनी कोतेवेत. आपलं मी लिहितो, मी लिहिते तसंच.

चॅलेंज मात्र एका रविवारीच बंद केला. पालथी पानं टाकून थाप मारायच्या नादात चुकीची रूपं ठासून बोलली जातात आणि तीच डोक्यात बसतात.

पानं करताना एक काळजी घ्या. हिब्रू उजवीकडून वाचायची म्हणून मी शब्द वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला होता, पण पानं हातात पसरली की दिसतो डावा कोपरा. 32 कागद पुन्हा चिकटवावे लागले. गोंदही चांगला घ्या, ठाण्याच्या पावसाळ्यात साधा टिकत नाही.

सहाव्या महिन्यात पानांवरच्या अक्षरांची स्वरचिन्हं (उच्चार दाखवणाऱ्या खुणा) काढून टाकली. त्याबरोबर 'कातव्ता' (अताचं रूप) आणि 'कातव्त' (अत्चं रूप) अगदी सारखे दिसायला लागले, दोन्हींत तीच अक्षरं: काफ, ताव, बेत, ताव. आता ती पानं दोन्ही जागी चालतात, फक्त वाक्य जागेप्रमाणे बदलायचं. यातून वाचन खूप सुधारलं.

भविष्यकाळाचा कॅट या महिन्यात काढलाय. त्यात 'तिख्तोव' म्हणजे तू लिहिशील आणि ती लिहील, दोन्ही, स्वरचिन्हं असूनसुद्धा. त्या दोन पानांना मी वेगळी खूण केलेली नाही. वाक्य ऐकून जागा वर्गच ठरवतो.